‘धोबी इच’ : एका आंग्ल-भारतीय शब्दाचा अर्थ, वापर आणि मुंबईचा संदर्भ

बीजशब्द : धोबी इच, गजकर्ण, बिब्बा, गोवा पावडर, परीट, आंग्ल-भारतीय शब्दसंग्रह, मुंबईचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

रोगांची नावे ही केवळ वैद्यकाची परिभाषा नसते. रोग कोणामुळे होतो, कोणाला होतो आणि त्याची लाज कोणी बाळगावी, याविषयीच्या त्या त्या काळातील समजुती नावांत साठलेल्या असतात. इंग्रजी भाषेत गेल्या शतकाहून अधिक काळ रूढ असलेला ‘धोबी इच’ हा शब्द याचे ठळक उदाहरण आहे. जांघेतील खाजऱ्या त्वचाविकारासाठी वापरला जाणारा हा शब्द इंग्रजी शब्दकोशांत आजही आढळतो. शब्दाचा पूर्वार्ध भारतीय, उत्तरार्ध इंग्रजी. त्याचा जन्म वसाहतकालीन भारतातील छावण्या, बंगले आणि बंदरे यांच्या बोलण्यात झालेला.

प्रस्तुत निबंधात या शब्दाचा अर्थ, त्याचा वापर आणि त्यामागील कारणमीमांसा यांचा ऐतिहासिक दृष्टीने आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. धोबीतलाव, महालक्ष्मीचा धोबीघाट, गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर हा मुंबईचा परिसर या विवेचनाचा आधार आहे. या शब्दाने ज्याच्यावर दोष ठेवला तो कष्टकरी याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे कपडे स्वच्छ करीत आला आहे. म्हणून हा प्रश्न केवळ शब्दव्युत्पत्तीचा नसून न्यायाचाही आहे.

१. ‘इच’ : लक्षण की रोग?

इंग्रजीतील ‘इच’ हा शब्द दुहेरी अर्थाचा आहे. एका अर्थाने तो खाज या लक्षणाचा वाचक आहे, तर जुन्या इंग्रजी वैद्यकात ‘द इच’ म्हणजे खरूज हा विशिष्ट रोग होय. खरजेचे कारण सूक्ष्म किडा असल्याचे इटलीतील जोव्हान्नी कोसिमो बोनोमो याने १६८७ साली दाखवून दिले. तथापि लोकभाषेत लक्षण आणि रोग यांची सरमिसळ पुढेही चालू राहिली.

मराठीने मात्र हे दोन अर्थ प्रारंभापासून वेगळे ठेवलेले दिसतात. ‘खाज’ आणि ‘कंड’ ही लक्षणे. ‘खरूज’ हा रोग. ‘खाजवून खरूज काढणे’ या सर्वपरिचित वाक्प्रचाराचे सारे मर्म या भेदातच आहे : साधी खाज होती, ती खाजवून रोगापर्यंत नेली. संस्कृत वैद्यकातही ‘कंडू’ हे लक्षण, तर ‘पामा’ आणि ‘दद्रू’ हे रोगविशेष मानले गेले. दद्रूपासूनच हिंदीतील ‘दाद’ हा शब्द आला. मराठीत त्या विकाराला ‘गजकर्ण’ किंवा ‘नायटा’ म्हणतात.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ साली मुंबईत प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. या कोशकारांसमोरची अडचण सहज लक्षात येण्याजोगी आहे. ‘इच’ या एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत खाज, कंड आणि खरूज असे किमान तीन शब्द उभे राहतात व त्यांपैकी कोणताही एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. ‘धोबी इच’ या संयुक्त शब्दाची गुंतागुंत याहून अधिक आहे. तो निव्वळ खाजही नव्हे आणि खरूजही नव्हे. वैद्यकीयदृष्ट्या तो बुरशीजन्य विकार, म्हणजे जांघेतील गजकर्ण होय.

२. शब्दाची नोंद आणि त्यातील ‘समज’

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा आंग्ल-भारतीय शब्दांचा प्रसिद्ध कोश १८८६ साली निघाला. विल्यम क्रूक यांनी संपादिलेल्या १९०३ च्या आवृत्तीत धोबी या नोंदीखाली या विकाराचा उल्लेख मिळतो. धुऊन आलेल्या कपड्यांतून जडतो असे मानले जाणारे एक त्रासदायक त्वचादुखणे, असा त्या नोंदीचा आशय आहे. येथे ‘असे मानले जाणारे’ हे पद महत्त्वाचे आहे. कोशकाराने कारणाची ग्वाही दिलेली नाही. त्याने केवळ समजूत नोंदविली आहे.

उष्णकटिबंधीय वैद्यकाचे प्रवर्तक पॅट्रिक मॅन्सन यांचा ग्रंथ १८९८ साली प्रसिद्ध झाला. उष्ण प्रदेशांतील युरोपीय लोक जांघेतील व काखेतील जवळजवळ सर्वच बुरशीजन्य विकारांना हे एकच नाव देतात आणि त्याचे खापर धोब्यावर फोडतात. या समजुतीला फारसा आधार नसावा, असे मॅन्सन यांचे मत होते. म्हणजे ज्या काळात हा शब्द जोमात होता त्याच काळात वैद्यकातील अधिकारी व्यक्ती त्याविषयी साशंक होती.

व्हिएन्नाचे फर्डिनांड हेब्रा यांनी या विकाराचे वर्णन १८६० साली वेगळ्याच नावाने केले होते. व्हिएन्नात धोबीघाट नव्हता, तरी विकार होता. पुढे सिलोनमध्ये काम करणाऱ्या आल्दो कास्तेल्लानी यांनी १९१० साली ज्या बुरशीचे वर्णन केले, ती आज ‘ट्रायकोफायटॉन रुब्रम’ या नावाने ओळखली जाते व जगभर या विकाराचे एक प्रमुख कारण मानली जाते. वैद्यकाने ‘टिनिया क्रुरिस’ हे तटस्थ नाव स्वीकारले. लोकव्यवहारात मात्र जुने नाव टिकून राहिले.

इंग्रजीत व्यवसायावरून पडलेली रोगनामे आणखीही आहेत. ‘बेकर्स इच’ आणि ‘ग्रोसर्स इच’ या नावांत रोग होतो तो पाववाल्याला किंवा किराणा दुकानदाराला, म्हणजे त्या व्यवसायातील माणसालाच. ‘बार्बर्स इच’ या नावात रोगी गिऱ्हाईक असते आणि दोष न्हाव्याच्या वस्तऱ्याचा असतो. ‘धोबी इच’ हा शब्द या दुसऱ्या जातीचा आहे. अमेरिकेत याच विकाराला खेळाडूंवरून ‘जॉक इच’ म्हणतात; तेथे नाव रोग्याचे आहे. भारतात ठेवलेले नाव रोग्याचे नाही, ते कथित गुन्हेगाराचे आहे. षष्ठीचा हा सूक्ष्म फरक वसाहतीतील मालक-नोकर संबंधांवर पुरेसा प्रकाश टाकतो.

३. तलाव, घाट आणि वस्त्रांची भीती

मुंबईत धोब्यांचे स्थान नगराच्या नकाशावरच कोरलेले आहे. गिरगावच्या वाटेवरील धोबीतलाव हे नाव तेथील कपडे धुण्याच्या तलावावरून पडले. फ्रामजी कावसजी यांच्या नावानेही ओळखला गेलेला तो तलाव पुढे बुजविण्यात आला. मागे उरले ते नाव. महालक्ष्मी स्थानकालगतचा धोबीघाट सुमारे १८९० च्या सुमाराचा. दगडी-सिमेंटच्या हौदांच्या रांगा, प्रत्येक हौदाशी कपडे आपटण्याचा दगड, भट्टी आणि वर दोरांवर वाळणारे कपडे ही तेथील व्यवस्था आजही पाहावयास मिळते.

याच दशकात मुंबईवर प्लेगचे संकट कोसळले. १८९६ साली मांडवी भागात सुरू झालेल्या साथीत घरांची झडती, निर्जंतुकीकरण आणि रोग्यांची वस्त्रे-सामान जाळणे असे उपाय योजले गेले. १८९७ चा साथरोग कायदा याच परिस्थितीतून आला. वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ साली तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले. जंतूंचा सिद्धान्त नुकताच मान्य झालेला आणि कपडे हे रोगवाहक असल्याची धास्ती सर्वत्र पसरलेली, अशा काळात अनेक घरांचे कपडे एकत्र धुणारा माणूस संशयाचा धनी व्हावा, हे ऐतिहासिकदृष्ट्या समजण्यासारखे आहे.

प्रश्न असा की, या संशयात तथ्य किती होते? बुरशीचे बीजाणू टॉवेल, पंचा किंवा अंतर्वस्त्रे यांच्याद्वारे एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, हे खरे आहे. थंड पाण्याच्या धुलाईने ते सर्व नष्ट होत नाहीत; सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास मात्र त्यांचा नाश होतो. परंपरागत धोब्याच्या कामाची रीत पाहता सोड्यासह भट्टीत वाफविणे, कडक उन्हात वाळविणे आणि कोळशाची तापलेली इस्त्री फिरविणे या तिन्ही क्रिया बुरशीला प्रतिकूल आहेत. त्यामुळे नीट भट्टी लावलेल्या कपड्यापेक्षा घरीच थंड पाण्यात खळबळून अर्धवट वाळलेला कपडा अधिक संशयास्पद ठरतो.

विकाराची खरी पार्श्वभूमी हवामानाची आणि राहणीची आहे. मुंबईची दमट उष्णता, घाम, घट्ट आणि जाड वस्त्रे यांमुळे जांघेतील त्वचा ओलसर राहते व बुरशीला वाव मिळतो. युरोपीय सैनिक व अधिकारी येथे आपल्या देशातील पेहराव करीत होते, हे विसरता येत नाही. परळ-लालबागच्या गिरणगावातील कामगारांची स्थिती वेगळ्या कारणांनी बिकट होती. सुताचा धागा तुटू नये म्हणून विणकाम खात्यातील हवा मुद्दाम दमट ठेवली जाई. चाळीतील एका खोलीत अनेक माणसे, सामाईक नळ, पावसाळ्यात न वाळणारे कपडे आणि पाळीपाळीने वापरली जाणारी अंथरुणे ही त्यांच्या आयुष्याची रीत होती. या कामगारांपैकी बहुतेकांना धोब्याकडे कपडे टाकणे परवडणारे नव्हते. गजकर्ण त्यांनाही होई. तेव्हा धोबी हे कारण तेथे कसे लागू पडावे?

४. दुसरा अर्थ : बिब्ब्याची खूण

या शब्दाच्या इतिहासात आणखी एक पदर आहे. अनेक घरांचे कपडे एकत्र धुताना ओळख पटावी म्हणून धोबी कपड्याच्या कोपऱ्यावर किंवा कॉलरच्या आत खूण करीत. त्यासाठी बिब्ब्याचा काळा रस चुन्यासह वापरला जाई. हा डाग पाण्याने जात नाही. इंग्रजीत बिब्ब्याला खुणेचे फळ म्हणतात आणि ‘सेमेकार्पस’ या शास्त्रीय नावातही तोच अर्थ आहे.

बिब्ब्याच्या रसातील द्रव्ये त्वचेला दाहक असतात. अमेरिकेतील ‘पॉयझन आयव्ही’ या वेलीतील द्रव्यांशी त्यांचे जवळचे रासायनिक नाते असून आंबा आणि काजू हेही याच कुळातील वृक्ष आहेत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर व कमरेवर, नेमका खुणेच्या जागी, खाजरा पुरळ उठू लागला. लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या वैद्यांनी १९४३ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात या विकाराचे वर्णन ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ या नावाने केले.

येथे धोब्याच्या कामाशी विकाराचा कार्यकारणसंबंध खरोखर आहे. परंतु हा संसर्ग नव्हे, ती वनस्पतिजन्य संपर्काची प्रतिक्रिया आहे. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही, खूण बदलली की थांबतो आणि बुरशीनाशक औषधाने बरा होत नाही. जांघेतील गजकर्ण आणि बिब्ब्याचा दाह या दोन सर्वस्वी भिन्न विकारांवर धोब्याचे नाव पडल्याने इंग्रजी वापरात दोहोंची गल्लत होत राहिली. एकाविषयीच्या खऱ्या अनुभवाने दुसऱ्याविषयीचा खोटा समज बळकट व्हावा, ही शक्यता नाकारता येत नाही.

मराठी समाजाला मात्र बिब्ब्याचा हा गुण पूर्वापार ठाऊक होता. त्वचेवर रस लागून फोड येण्याला ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. चांगल्या कामात ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार याच अनुभवातून आला असावा. दुसरीकडे दृष्ट लागू नये म्हणून बिब्ब्याची फुली काढली जाते आणि त्याच्या बियांतील गोडंबी लाडवात घातली जाते. तोच पदार्थ दाहक, रक्षक आणि पौष्टिक. वापराची रीत ठाऊक असणे एवढाच काय तो प्रश्न.

५. औषधाचेही चुकलेले नाव : गोवा पावडर

रोगाचे नाव चुकले, तसेच औषधाचेही चुकले, हा योगायोग लक्षणीय आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची एक पिवळसर-तपकिरी भुकटी महाग दराने विकली जात असे. मुंबईतील औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी १८६४ साली लंडनच्या औषधशास्त्रविषयक नियतकालिकातून तिच्याकडे लक्ष वेधले. तिचे मूळ मात्र गूढच होते. गोव्यातून येते म्हणून ती गोव्याची, असा समज होता.

१८७४ च्या सुमारास ब्राझीलमधील बाहिया येथील डॉ. सिल्वा लिमा यांनी उलगडा केला की, ही भुकटी म्हणजे ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातील फटींत साठणारे द्रव्य होय. पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने ते गोव्यात येई आणि तेथून मुंबईत. लंडनचे बाल्मॅनो स्क्वायर यांनी या द्रव्याचा उपयोग सोरायसिसवर केला व १८७८ साली त्यावर लेखन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी लीबरमन व झाइडलर यांनी त्यातील ‘क्रायसारोबिन’ हा घटक स्पष्ट केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, त्याला पर्याय म्हणून डिथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध जर्मनीत पुढे आले व सोरायसिसच्या उपचारांत दीर्घकाळ टिकले. गजकर्णासाठी मुंबईत विकल्या जाणाऱ्या भुकटीचा हा जागतिक प्रवास आहे. या औषधाने कपड्यांवर न निघणारे डाग पडत. ते काढण्याची जबाबदारी अर्थातच पुन्हा धोब्याचीच.

स्थानिक उपचारांची परंपरा याला समांतर चालू होती. कोकणात पावसाळ्यात सर्वत्र उगवणारा टाकळा हा संस्कृतात ‘चक्रमर्द’ म्हणून ओळखला जातो; त्याचे बी गजकर्णावर लावीत आणि कोवळी पाने भाजीसाठी वापरीत. ‘गजकर्णी’ ही वनस्पती तर रोगाचेच नाव घेऊन वावरते. गिरगावातील डॉ. सखाराम अर्जुन हे १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी १८७९ साली मुंबईतील औषधींची सूची प्रसिद्ध केली आणि मराठीतून वैद्यकीय ग्रंथही लिहिले. देशी नावे आणि पाश्चात्त्य शास्त्र यांची सांगड घालणारी अशी पिढी मुंबईत असतानाही इंग्रजांच्या बोलण्यातील ‘धोबी इच’ हा शब्द तसाच राहिला; कारण तो शास्त्राच्या वाटेने आलेलाच नव्हता.

६. मराठी नामकरणाची रीत आणि परीट

मराठीतील सामान्य त्वचाविकारांची नावे पाहिली असता नामकरणाची तत्त्वे वेगळी दिसतात. ‘गजकर्ण’ हे नाव हत्तीच्या कानाच्या आकाराशी जोडलेले आहे. ‘घामोळे’ घामावरून आले. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या ‘चिखल्या’ चिखलावरून. आकार, संवेदना आणि परिस्थिती यांवरून ही नावे पडली. त्यांत कोणत्याही व्यवसायावर ठपका नाही.

याचा अर्थ मराठी समाज निर्दोष होता असा मुळीच नाही. सोहळे-ओवळे आणि जातिभेद यांच्या व्यवस्थेत इतरांचे मळके कपडे हाताळणाऱ्या परीट समाजाला हीन लेखले गेले. परकीयांनी शब्दातून केले ते आपण व्यवहारातून केले. तरीही भाषेने या व्यवसायाला एक वेगळी पावतीही दिली आहे. ‘परीटघडी’ हा शब्द स्वच्छता, नेटकेपणा आणि कडक इस्त्री यांचा मानदंड आहे. एकाच व्यवसायावरून इंग्रजीने रोगाचे नाव घेतले व मराठीने निर्मळपणाचे, ही तुलना अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

याच परीट समाजात १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन महाराष्ट्राला स्वच्छतेचा धडा दिला. १९५६ साली त्यांचे निधन झाले. दादर येथील त्यांच्या नावाची धर्मशाळा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात दूरवरून येणाऱ्या रुग्णांना व त्यांच्या नातलगांना आसरा देते. ज्या समाजाला एका शब्दाने अस्वच्छतेचे मूळ ठरविले, त्याच समाजातील पुरुषाने आधुनिक महाराष्ट्राला स्वच्छतेचे मूल्य शिकविले.

शेवटचा मुद्दा धोब्याच्या स्वतःच्या त्वचेचा. दिवसभर पाण्यात उभे राहणे, सोडा, साबण व विरंजक चूर्ण यांच्याशी सतत संपर्क यांमुळे हातांची त्वचा फाटणे, नखांच्या कडा सुजणे आणि पायांना चिखल्या होणे हे या व्यवसायातील नित्याचे विकार आहेत. खऱ्या अर्थाने ‘धोब्याची खाज’ म्हणावी ती हीच. परंतु इंग्रजी शब्द तिच्याविषयी मौन बाळगतो. ज्याने कपडे घातले त्याच्या खाजेला धोब्याचे नाव मिळाले. ज्याने कपडे धुतले त्याची खाज निनावीच राहिली.

७. सद्यःस्थिती

हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. गेल्या दशकात भारतात गजकर्णाचे स्वरूप बदलले आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे, अंगभर पसरणारे आणि पुन्हा पुन्हा उलटणारे संसर्ग वाढले. त्यामागील बुरशीला २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनीई’ हे नाव देण्यात आले. टर्बिनाफिन या प्रमुख औषधाला दाद न देण्याची क्षमता तिच्या अनेक वाणांत आढळते. स्टेरॉइडमिश्रित मलमांचा वैद्यकीय सल्ल्याविना वापर हे या परिस्थितीचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. अशा मलमाने खाज तत्काळ शमते. बुरशी मात्र आत पसरत राहते. २०१८ साली केंद्र शासनाने चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास प्रतिबंध केला.

येथे पुन्हा नावाचा प्रश्न उपस्थित होतो. नव्या बुरशीच्या नावात देशाचे नाव आले आहे. एके काळी व्यवसायाला डाग लावणारी नामकरणाची सवय आता देशाला डाग लावणार काय, याची चर्चा अभ्यासकांनी करणे आवश्यक आहे. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. ‘खाज’ या लक्षणालाच रोग समजले की खाज थांबविणारे कोणतेही मलम औषध वाटू लागते. लक्षण आणि रोग यांतील जो भेद मराठीने जपला, तो औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या ध्यानात राहिला तर पुष्कळ हानी टळेल.

निष्कर्ष

१. ‘धोबी इच’ हा शब्द वैद्यकीय निरीक्षणातून नव्हे, तर वसाहतकालीन युरोपीय समाजाच्या समजुतीतून रूढ झाला. १८९८ मध्येच त्यावर शंका व्यक्त झाली होती.

२. जांघेतील बुरशीजन्य विकार व बिब्ब्याच्या खुणेने होणारा दाह हे दोन भिन्न विकार असून धोब्याच्या कामाशी थेट संबंध केवळ दुसऱ्याचा आहे.

३. ‘गोवा पावडर’ या नावाने औषधाचे मूळ जसे चुकीच्या जागी दाखविले, तसेच ‘धोबी इच’ या नावाने रोगाचे कारण चुकीच्या माणसाच्या माथी मारले.

४. अध्यापनात व भाषांतरात या शब्दासाठी ‘धोबी-खाज’ असा शब्दशः प्रतिशब्द न योजता ‘जांघेतील गजकर्ण’ असा अर्थवाही शब्द वापरणे उचित होय. कोशात मूळ शब्द देताना तो जुन्या समजुतीवर आधारलेला असल्याची टीप असावी.

शब्द पुसून इतिहास पुसला जात नाही आणि तो पुसूही नये. तथापि एखादा शब्द कोणाच्या कष्टावर डाग पाडून उभा राहिला आहे, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगणे हे भाषेच्या आणि इतिहासाच्या अध्यापकांचे कर्तव्य ठरते.